सक्तीने आलेला संदेश : कंपन्यांमधील ईडीआयचा इतिहास

एका कंपनीच्या संगणकाने तयार केलेली ऑर्डर, पोच, चलन किंवा बीजक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला थेट वाचता येईल अशा ठरीव मांडणीत पाठवणे, आणि मधल्या कोणत्याही टप्प्यावर ती माहिती माणसाला पुन्हा टाइप करावी न लागणे, या व्यवस्थेला इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज किंवा व्यवहारातल्या संक्षेपाने ईडीआय म्हणतात. ईमेलला जोडून पाठवलेले पीडीएफ बीजक या व्याख्येत बसत नाही, कारण ते वाचून हिशेबात घ्यायला पलीकडे कारकून बसलेला असावा लागतो. ईडीआयचा इतिहास बहुधा संगणक व दूरसंचार यांच्या प्रगतीची एक उपशाखा म्हणून सांगितला जातो, पण तसे सांगण्यात एका प्रश्नाचे उत्तर राहून जाते. या पद्धतीला लागणारे तंत्र 1960 च्या दशकातच हाताशी होते आणि तिचा फायदा हिशेबाने दाखवता येत होता, तरीही बहुसंख्य कंपन्यांनी ती आपणहून स्वीकारली नाही. जिथे ती रुजली तिथे ज्याच्याशी व्यवहार तोडणे परवडणार नाही अशा कुणीतरी, म्हणजे मोठ्या ग्राहकाने, बंदराने किंवा सरकारने, ती लादली होती; म्हणून हा इतिहास यंत्रांपेक्षा व्यापारातल्या बळाच्या वाटपाचा अधिक आहे.

या पद्धतीचे मूळ शोधताना अभ्यासक बर्लिनपर्यंत मागे जातात आणि ते योग्यच आहे. जून 1948 मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग बंद केल्यानंतर अमेरिका व ब्रिटनने कोळशापासून पिठापर्यंत सर्व काही विमानाने पुरवायला घेतले, आणि सप्टेंबर 1949 पर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणांतून सुमारे 23 लाख टन माल त्या शहरात उतरला. एवढ्या प्रमाणावर माल येऊ लागला की विमान वेळेवर पोहोचते आणि त्याचा कागद मागे राहतो. विमानात काय आहे, किती आहे व कुणासाठी आहे याची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, प्रत्येक ठिकाणाहून निराळ्या मांडणीत आणि कित्येकदा निराळ्या भाषेत येत असे. मालपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या अमेरिकी सैनिकांमध्ये एडवर्ड गिल्बर्ट होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठरीव मॅनिफेस्ट बसवली, जी टेलेक्सने, रेडिओ-टेलिटाइपने किंवा साध्या टेलिफोनवर वाचून दाखवूनही पाठवता येई. यात संगणक कुठेच नव्हता. कोणत्या जागी कोणती माहिती येणार हे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधीच ठाऊक असणे एवढेच त्यात नवे होते, आणि लष्करात वरिष्ठांचा हुकूम चालत असल्यामुळे ते लागूही लगेच करता आले. बाजारात असा हुकूम देणारा कुणी नसतो.

गिल्बर्ट पुढे ड्यूपाँ या रसायन कंपनीत गेले आणि 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ड्यूपाँ व तिची रसायने टँकरने वाहून नेणारी केमिकल लीमन टँक लाइन्स यांच्यात मालाची माहिती देण्याघेण्यासाठी ठरीव संदेशांचा संच तयार केला. 1965 मध्ये हॉलंड-अमेरिका लाइन या जहाज कंपनीने अटलांटिकपार जाणाऱ्या मालाची मॅनिफेस्ट टेलेक्सने पाठवायला सुरुवात केली. पलीकडे तो संदेश भोके पाडलेल्या कागदी फितीवर उतरे आणि ती फीत संगणकात घातली जाई. जहाज अजून समुद्रात असताना त्यातल्या मालाची यादी बंदरात येऊन पडू लागली, याचे मोल गोदीतल्या माणसांना समजावून सांगावे लागले नाही.

या संदेशांनी ज्या कागदांची जागा घ्यायची होती त्यांचा पसारा किती होता, हे 1971 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून कळते. परदेशी जाणाऱ्या मालाच्या एका खेपेला सरासरी 46 निरनिराळी कागदपत्रे आणि त्यांच्या मिळून साडेतीनशेहून अधिक प्रती लागतात, आणि या कागदांचा खर्च मालाच्या किमतीच्या साडेसात टक्क्यांच्या घरात जातो, असा तिचा निष्कर्ष होता. युरोपात या दुखण्यावरचा उपाय त्याआधीच सुरू झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने 1960 मध्ये जिनिव्हात यासाठी कार्यगट नेमला आणि 1963 मध्ये त्यातून व्यापारी कागदांची एक सामाईक आखणी निघाली, जी ‘लेआउट की’ या नावाने ओळखली जाते व 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांची शिफारस म्हणून पुढे आली. ए4 आकाराच्या कागदावर निर्यातदाराचे नाव वरच्या डाव्या कोपऱ्यात, त्याखाली माल घेणाऱ्याचे, त्याखाली वाहतुकीचा तपशील, मधल्या रुंद पट्ट्यात खुणा, नग, मालाचे वर्णन व वजन आणि तळाशी उजवीकडे सही, अशी ती आखणी होती. बीजक असो वा जहाजाची भरतीपावती, सारखी माहिती सारख्याच जागी पडू लागल्यामुळे मूळ प्रत एकदा टाइप करून, नको तो भाग झाकून, बाकीचे सर्व कागद तिच्यावरूनच काढता येऊ लागले. संगणकाच्या इतिहासात या आखणीला क्वचितच स्थान मिळते, आणि ही उपेक्षा अन्यायाची आहे. कागदावरच्या चौकटींची नावे आणि जागा देशोदेशींच्या अधिकाऱ्यांनी बैठकांमागून बैठका घेऊन ठरवल्या नसत्या, तर पुढे संदेशात कोणती ओळ कशासाठी ठेवायची यावरच वाद अडून बसला असता.

अमेरिकेत हे काम सरकारऐवजी उद्योगांच्या समित्यांनी केले. रेल्वे, ट्रक, जहाज आणि विमान वाहतूक करणाऱ्या कंपन्यांनी 1968 मध्ये ट्रान्सपोर्टेशन डेटा कोऑर्डिनेटिंग कमिटी, संक्षेपाने टीडीसीसी, स्थापन केली, गिल्बर्ट तिचे प्रमुख झाले, आणि 1975 मध्ये तिने संदेशांचा पहिला मानकसंच प्रसिद्ध केला. वाहतुकीपुरते असलेले हे काम सर्व उद्योगांना लागू पडावे यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे अॅन्सीने, 1979 मध्ये एक्स12 नावाची समिती नेमली, आणि तिचेच संदेश अमेरिकी व्यापारात आजही चालतात. या संदेशांना नावांऐवजी क्रमांक आहेत : 850 म्हणजे खरेदीची ऑर्डर, 855 म्हणजे ऑर्डर स्वीकारल्याचे उत्तर, 856 म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, 810 म्हणजे बीजक. प्रत्येक ओळ दोन-तीन अक्षरांच्या खुणेने सुरू होते, तिच्यातले घटक बहुधा तारकाचिन्हाने वेगळे केलेले असतात आणि रिकाम्या घटकाची जागाही दोन तारकांमध्ये राखून ठेवावी लागते. संपूर्ण पाकिटाच्या पहिल्या ओळीची लांबी मात्र नेहमी 106 अक्षरेच असते आणि तिच्यातल्या न वापरलेल्या जागा कोऱ्या अक्षरांनी भराव्या लागतात, कारण या पाकिटात दुभाजक म्हणून कोणते चिन्ह वापरले आहे हे घेणाऱ्या संगणकाला त्या ओळीतल्या ठरावीक स्थानावरूनच कळते. 997 क्रमांकाची पोच तर या पद्धतीचा स्वभावच दाखवते : संदेश मिळाला आणि त्याची मांडणी नियमाप्रमाणे आहे एवढेच ती कळवते, मागितलेला माल मिळणार की नाही याबद्दल ती काहीही सांगत नाही, आणि नवख्या कंपन्यांत या दोन गोष्टींची गल्लत होत असे.

संदेशांची ही कमालीची काटकसर निव्वळ खर्चातून आली होती. शंभर पुरवठादार असलेल्या कंपनीने शंभर संगणकांशी स्वतंत्र जोडणी ठेवणे अशक्य होते, प्रत्येकाचा मोडेम, वेग आणि कामाची वेळ निराळी असे, म्हणून मध्ये टपालखात्यासारखी एक सेवा उभी राहिली, जिला व्हॅल्यू अॅडेड नेटवर्क किंवा व्हॅन म्हणत. पाठवणारा आपले संदेश व्हॅनच्या पेटीत टाकी, घेणारा आपल्या सवडीने आपल्या पेटीतून काढून घेई, आणि आकार बहुधा हजार अक्षरांमागे लावला जाई. जनरल इलेक्ट्रिक, आयबीएम आणि मॅकडॉनेल डग्लस यांच्यासारख्या कंपन्या या धंद्यात होत्या. मोठ्या कंपनीला हा आकार किरकोळ वाटे. महिन्याला पाच-दहा बीजके पाठवणाऱ्याला मात्र वर्गणी, सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस या तिन्हींचा खर्च टपालाच्या तिकिटांपेक्षा कितीतरी जास्त पडत असे.

किराणा व्यापाराने या क्षेत्रात सामोपचाराचा मार्ग धरला. वस्तूंवरच्या बारकोडची प्रत्यक्ष दुकानातली पहिली नोंद 26 जून 1974 रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावर झाली, आणि त्याच धर्तीवर उत्पादक व घाऊक व्यापारी यांनी एकत्र बसून 1980 च्या दशकाच्या आरंभी ऑर्डर व बीजक यांचा स्वतःचा मानक ठरवला. वाहन उद्योगाची तऱ्हा निराळी होती. जपानी कारखान्यांच्या स्पर्धेपुढे अमेरिकी कंपन्यांना सुट्या भागांचे साठे कमी करायचे होते आणि लागेल तो भाग लागेल त्या दिवशी दारात हवा होता. ही पद्धत टपालाने पाठवलेल्या वेळापत्रकांवर चालणे शक्य नव्हते. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांनी 1980 च्या दशकात आपल्या पुरवठादारांना ईडीआय स्वीकारण्यास सांगितले, आणि त्या सांगण्यात विनंतीचा भाग थोडा होता. या सक्तीने मोठ्या कंपनीला काय मिळाले याचा सर्वांत नेटका हिशेब क्रायस्लरबाबत झाला आहे : तिच्या जुळणी कारखान्यांची सुमारे दशकभराची आकडेवारी तपासून 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवले की पुरवठादारांशी माहितीची देवाणघेवाण सुधारल्यामुळे प्रत्येक गाडीमागे सुमारे 60 डॉलर वाचले, कागद तयार करण्याचा व पाठवण्याचा वाचलेला खर्च धरला तर ही बचत 100 डॉलरच्या पुढे गेली, आणि वर्षाचा आकडा 22 कोटी डॉलरपर्यंत पोहोचला.

पुरवठादाराच्या बाजूने असा ताळेबंद सहसा कुणी मांडला नाही, आणि ही उणीव या विषयावरच्या बऱ्याचशा लेखनात जाणवते. छोट्या कारखान्यात ग्राहकाची ऑर्डर संगणकावर येई, तिथून ती कागदावर छापली जाई आणि तो कागद समोर ठेवून कारकून तीच माहिती कंपनीच्या हिशेबाच्या प्रणालीत पुन्हा टाइप करी. ग्राहकाच्या दृष्टीने असा पुरवठादार ईडीआयवर आलेला होता, त्यामुळे पाहण्यांमधल्या आकड्यांत त्याची गणना होत असे. प्रत्यक्षात त्याच्याकडे टंकलेखनाचे काम एकाने वाढले होते. मानक एक असूनही प्रत्येक मोठा ग्राहक आपली स्वतंत्र मार्गदर्शिका काढी, तिच्यात कोणती ओळ सक्तीची, कोणती ऐच्छिक आणि कोणत्या संकेताचा अर्थ काय हे आपल्या सोयीने ठरवी, आणि तीन ग्राहकांना माल देणाऱ्याला एकाच 850 ची तीन रूपे सांभाळावी लागत. मोठ्या दुकानसाखळ्यांनी पुढे यात दंडाची भर घातली : आगाऊ सूचनेचा संदेश माल पोहोचण्याआधी आला नाही किंवा त्यातला क्रमांक खोक्यावरच्या लेबलाशी जुळला नाही, तर ठरलेली रक्कम पुरवठादाराच्या बिलातून परस्पर कापली जाऊ लागली.

युरोपात उद्योगागणिक व देशागणिक वेगळे मानक झाले. ब्रिटिश किरकोळ व्यापाराने 1982 मध्ये ट्रेडाकॉम्स आणले, जर्मन वाहन उद्योगाचे स्वतःचे संदेश होते, आणि वाहन उद्योगाचीच युरोपभरची ओडेट ही संघटना 1984 मध्ये स्थापन झाली. अमेरिकी आणि युरोपीय मानकांची ही फारकत आंतरराष्ट्रीय व्यापारात चालणार नव्हती, म्हणून पुन्हा जिनिव्हातच बोलणी होऊन एडिफॅक्ट हा सामाईक मानक तयार झाला आणि त्याच्या मांडणीच्या नियमांना 1987 मध्ये आयएसओ 9735 म्हणून मान्यता मिळाली. अमेरिका एक्स12 सोडून एडिफॅक्टकडे वळेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली, कारण ज्या कंपन्यांनी एकदा खर्च करून घेतला होता त्यांना दुसऱ्यांदा तो करण्याचे कारण दिसत नव्हते.

एडिफॅक्टला खरे घर मिळाले ते बंदरांत आणि जहाजांवर. बॅपली नावाचा त्याचा एक संदेश कंटेनर जहाजाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे पाठवला जातो आणि त्यात जहाजावरच्या प्रत्येक कंटेनरची जागा आकड्यांत दिलेली असते. 030482 हे स्थान घेतले तर पहिले दोन आकडे नाळेकडून सुकाणूकडे मोजलेला आडवा कप्पा सांगतात, आणि तो आकडा विषम असल्यामुळे तिथे 20 फुटी कंटेनर आहे हे कळते, कारण 40 फुटींसाठी सम आकडे राखलेले आहेत. मधले 04 म्हणजे जहाजाच्या मध्यरेषेपासून डाव्या बाजूची दुसरी रांग, कारण सम रांगा डावीकडे व विषम उजवीकडे मोजतात. आणि शेवटचे 82 म्हणजे डेकवरचा सर्वांत खालचा थर, कारण पोटातले थर 02 पासून वर मोजले जातात. हा संदेश आधी मिळाला नाही तर कोणता डबा कुठून काढायचा हे जहाज धक्क्याला लागल्यावर शोधावे लागेल आणि तोवर क्रेन रिकामी उभी राहील. बॅपलीचा प्रसार करण्यासाठी परिषदा भरवण्याची फारशी गरज पडली नाही, ती एवढ्यासाठीच.

कायद्याचा अडसर याहून चिवट होता. कागदावर लिहिलेले, सही केलेले आणि मूळ प्रत असलेले दस्तऐवज गृहीत धरून जगभरचे व्यापारी कायदे रचले गेले होते, त्यामुळे संगणकाने पाठवलेली ऑर्डर फिरवली गेली तर न्यायालयात काय दाखवायचे हा प्रश्न सुरुवातीपासून होता, आणि कंपन्या त्यावर आपसांत स्वतंत्र करार करून तात्पुरता मार्ग काढत. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या ज्या कार्यगटाने 1996 चा इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा नमुना कायदा लिहिला, तो मुळात ईडीआयच्या प्रश्नांसाठीच बसला होता. कागद जे काम करतो तेच काम संदेश विश्वासार्हपणे करीत असेल तर कायद्याने दोघांना सारखेच मानावे, हे त्याचे मध्यवर्ती तत्त्व आहे. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच नमुन्यावर बेतलेला असून तो 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला. हस्तांतरणीय दस्तऐवज मात्र तेव्हा त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले, म्हणजे शतकानुशतके कोऱ्या विश्वासावर फिरलेली हुंडी नव्या विश्वासव्यवस्थेच्या दारातच थांबली. मालाच्या मालकीचा पुरावा असलेली जहाजाची भरतीपावती इलेक्ट्रॉनिक रूपात कागदाइतकीच वैध ठरवायला तर सागरी व्यापाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या ब्रिटनलाही 2023 साल उजाडावे लागले.

भारतात ईडीआय आले ते सीमाशुल्क खात्याच्या दारातून. इथे फोर्ड किंवा जनरल मोटर्सच्या आकाराचा, साऱ्या देशातल्या पुरवठादारांना एका पद्धतीवर आणू शकेल असा ग्राहक नव्हता. आयात-निर्यात करणाऱ्या प्रत्येकाला ज्याच्या खिडकीपुढे उभे राहावेच लागते असे एक कार्यालय मात्र होते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 1971 मध्येच मालाच्या सीमाशुल्काचे काम संगणकावर आले होते आणि सिंगापूरने 1 जानेवारी 1989 पासून ट्रेडनेट सुरू करून व्यापारी परवान्यांचे दिवसांचे काम मिनिटांवर आणले होते, त्यामुळे नमुने समोर होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केलेली इंडियन कस्टम्स ईडीआय सिस्टिम, संक्षेपाने आइसेस, 1995 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने मुंबईसह देशातल्या मोठ्या बंदरांत व विमानतळांवर पोहोचली.

या बदलाचे स्वरूप समजण्यासाठी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील न्यू कस्टम हाउस किंवा उरणजवळ 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर येथील जुनी कार्यपद्धती पाहणे उपयोगी ठरते. आयात मालाचे विवरणपत्र म्हणजे बिल ऑफ एंट्री. ते अनेक प्रतींत टाइप केले जाई, ज्यांपैकी एक खात्याची, एक आयातदाराची आणि एक परकीय चलनाच्या हिशेबासाठी बँकेची असे. क्लिअरिंग एजंटचा माणूस ते घेऊन प्रथम नोटिंगच्या टेबलावर जाई, जिथे जहाजाच्या मॅनिफेस्टमधल्या ओळीशी ते ताडून त्याला क्रमांक मिळे. नंतर मालाच्या प्रकारानुसार ठरलेल्या अप्रेझिंग ग्रुपमध्ये वर्गवारी व मूल्य ठरे. मग ऑडिट, मग ड्युटीचा भरणा, मग गोदीत मालाची तपासणी आणि अखेरीस माल सोडण्याचा ‘आउट ऑफ चार्ज’ शेरा. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर स्वतःहून जात नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि त्याला चालते ठेवण्याच्या कौशल्यावर एक संपूर्ण व्यवसाय उभा होता. आइसेसने नोटिंग संगणकाकडे दिले, बिलांचा क्रम दाखल होण्याच्या क्रमाने लावला आणि एखादे बिल कोणत्या अधिकाऱ्याकडे किती वेळ पडून आहे हे दिसू लागले. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेगापेक्षाही अधिक होते.

तरीही सुरुवातीची व्यवस्था अर्धीच इलेक्ट्रॉनिक होती. बहुतेक एजंटांकडे जोडणी नव्हती, म्हणून कस्टम हाउसमध्येच सर्व्हिस सेंटर उघडण्यात आले. तिथे एजंटने ठरीव नमुन्यातला कागद द्यायचा, शुल्क घेऊन ऑपरेटरने तो टाइप करायचा, छापून आलेली चेकलिस्ट एजंटने तपासून सही करायची आणि मग माहिती प्रणालीत दाखल व्हायची. अमेरिकेतल्या छोट्या पुरवठादाराकडे संदेशाचा कागद होत होता, इथे कागदाचा संदेश होत होता, आणि टंकलेखक दोन्हीकडे कायम होता. घरबसल्या दाखल करण्याची सोय आइसगेट या संकेतस्थळाने नंतर दिली, पण तिचा सार्वत्रिक वापर होण्यासाठी 2011 च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात दुरुस्ती करून इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ एंट्री व शिपिंग बिल बंधनकारक करावे लागले. बीजक, पॅकिंग लिस्ट आणि परवाने यांच्या कागदी प्रती त्यानंतरही काउंटरवर द्याव्या लागत. त्या स्कॅन करून चढवण्याची ई-संचित व्यवस्था देशभर लागू व्हायला 2018 उजाडले. बंदर, जहाज कंपन्या आणि कंटेनर फ्रेट स्टेशन यांना जोडणारी पोर्ट कम्युनिटी सिस्टिम भारतीय बंदर संघाने 2007 च्या सुमारास उभी केली, परंतु निर्यातीचा कंटेनर फाटकातून आत घेण्यासाठी लागणारा ‘फॉर्म 13’ बराच काळ न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर ट्रकचालकांच्या हातात दिसत राहिला.

दरम्यान इंटरनेटमुळे व्हॅनची मक्तेदारी ढासळली होती. वॉलमार्टने 2002 मध्ये आपल्या पुरवठादारांना एएस2 या पद्धतीने, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेले संदेश थेट इंटरनेटवरून, पाठवण्यास सांगितले, आणि जे काम समित्यांना वर्षानुवर्षे जमले नव्हते ते एका ग्राहकाच्या पत्राने झाले. त्याच काळात एक्सएमएल या नव्या मांडणीमुळे जुने ईडीआय इतिहासजमा होईल असे भाकीत मोठ्या आत्मविश्वासाने केले जात होते. ते चुकले, कारण वाहिनी बदलली तरी पाकिटातला 850 बदलण्याची कुणाला निकड नव्हती. भारतातल्या मोठ्या उत्पादकांनी या काळात व्हेंडर पोर्टलचा सोपा मार्ग धरला : पुरवठादाराने ग्राहकाच्या संकेतस्थळावर जाऊन वेळापत्रक पाहायचे, आपल्या बीजकातले आकडे तिथे भरायचे आणि आगाऊ सूचनेचा क्रमांक घेऊनच गाडी फाटकावर न्यायची. चाकण किंवा भोसरीतल्या लघुउद्योजकाकडे असे चार ग्राहक असतील तर चार पोर्टल, चार पासवर्ड आणि एकच बीजक स्वतःच्या टॅलीत व ग्राहकाच्या पडद्यावर असे दोनदा भरण्याचे काम आले. याला ईडीआय म्हणणे म्हणजे ग्राहकाच्या कारकुनाचे काम पुरवठादाराच्या कारकुनाकडे सरकवण्याला दिलेले चांगले नाव आहे.

देशांतर्गत व्यापारात एका मांडणीचे बीजक आणण्याचे काम अखेर वस्तू व सेवा कराने केले. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील प्रत्येक विक्रीचे बीजक ठरीव नमुन्यात सरकारी पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक झाले. पोर्टल विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बीजकाचा क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार व आर्थिक वर्ष यांवरून 64 अक्षरांची ओळख तयार करते आणि क्यूआर कोडसह परत पाठवते, ज्याच्याशिवाय ते बीजक वैध ठरत नाही. बीजकाच्या प्रत्येक चौकटीत काय यावे यावर देशभर एकमत होणे ही मोठी गोष्ट आहे, आणि उद्योग संघटनांच्या भरवशावर ती पुढच्या वीस वर्षांतही झाली नसती. पण ही व्यवस्था करचोरी रोखण्यासाठी आखलेली असल्यामुळे माहितीचा पहिला वाचक सरकार आहे. ज्याने माल घेतला त्या खरेदीदाराच्या हाती बहुधा क्यूआर कोड छापलेला कागद किंवा पीडीएफच येतो आणि त्याच्या कार्यालयात ते आकडे पुष्कळदा पुन्हा हाताने भरले जातात. उलाढालीची मर्यादा 1 जानेवारी 2021 रोजी 100 कोटींवर, त्याच वर्षी एप्रिलमध्ये 50 कोटींवर, 2022 मध्ये आधी 20 व नंतर 10 कोटींवर आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आणण्यात आली. त्याखालच्या व्यापाऱ्याला 2023 च्या त्या आदेशाने ई-बीजकाची सक्ती केलेली नाही.